चार वाजताचं वाचन

अजिनाथराव औताडे वैजापूरच्या एका कॉलेजात छत्तीस वर्षं ग्रंथपाल होते, आणि त्या छत्तीस वर्षांत न समजलेली एक ओळही त्यांनी कुठे उतरवून ठेवली नाही. एखाद्या पुस्तकाची सुरुवातीची पानं फाटलेली असत, लेखक कोण ते कळत नसे. मग लोक म्हणत, "सर, सगळ्यांना ठाऊक आहे हे कुणाचं ते. टाका लिहून." अजिनाथराव मान हलवत आणि कार्डावर लिहीत, 'लेखकाचे नाव उपलब्ध नाही.' कुणी याला काटेकोरपणा म्हणे. त्यांना स्वतःला विचारलं असतं, तर ते भित्रेपणा म्हणाले असते.

असल्याच एका बिननावाच्या कादंबरीचं वाचन सिडकोतल्या त्यांच्या घरी चाललं होतं. कॉलेजने रद्द केलेल्या पुस्तकांतून त्यांनी ती रीतसर परवानगी काढून घरी आणलेली. चाळीस प्रकरणं होती. पैठणच्या एका नावाड्याची बायको, द्वारका, नवऱ्याशी भांडून त्याचीच नाव घेऊन पहाटे निघून जाते, तिथून गोष्ट सुरू व्हायची. वाचायचे अजिनाथराव, ऐकायच्या वच्छलाबाई. साखरेच्या दुखण्यात वच्छलाबाईंची नजर तीन वर्षांपूर्वी गेली. खिडकी कुठे आहे एवढं उजेडावरून कळायचं, बाकी काही नाही. तेव्हापासून दुपारचा चहा झाला की चार वाजता एक प्रकरण, असा नेम पडला होता. दौलताबादच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या आणि नंतर पुस्तकाला हात न लावलेल्या वच्छलाबाई या तीन वर्षांत अशा तयार झाल्या होत्या की नवऱ्याला मध्येच थांबवायच्या.

"थांबा, थांबा. मघाशी तर तिच्याजवळ कंदील नव्हता."

"घेतला असंल वाटेत."

"कुणाकडून? नदीत काय दुकान हाय का? लिवणाऱ्याच्या ध्यानात नाय राह्यलं."

चौदा प्रकरणं झाली होती, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की अजिनाथरावांच्या हृदयाची एक झडप बदलावी लागेल. आठ-दहा दिवस दवाखान्यात, मग महिनाभर जपणूक. "धोका किती?" अजिनाथरावांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "थोडाफार प्रत्येक ऑपरेशनला असतोच, काका." जालना रोडवरून रिक्षाने घरी येताना ते स्वतःचा विचार करत नव्हते. पंधराव्या प्रकरणापासून पुढचं हिला कोण वाचून दाखवणार, हा विचार होता. दवाखान्याच्या दिवसांत सोबतीला मेहुणी येणार होती, सरूबाई. पण सरूबाईंना अक्षरओळख नव्हती. आणि आपण परत आलोच नाही तर? हा विचार त्यांनी क्रांती चौकापर्यंत केला आणि तिथेच सोडला.

पुढची प्रकरणं आपल्या आवाजात भरून ठेवायची, हे त्यांना आपोआप सुचलं. पण कुठे ठेवायची? त्यांचा फोन त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाणार. वच्छलाबाईंचा फोन जुना, त्यात काही मावायचं नाही. मुलगी योगिनी हैदराबादेत सॉफ्टवेअरच्या नोकरीत होती. तिने फोनवर उपाय सांगितला.

"आप्पा, क्लाउडवर एक छोटं मशीन भाड्यानं घेऊ. ते मुंबईत कुठंतरी असंल, आपल्याला कधी दिसणार नाही, पण दिवसरात्र चालू. त्यात पुस्तकं ऐकायचा एक प्रोग्रॅम टाकायचा. आईच्या फोनवर एकच मोठं बटण. दाबलं की जिथं थांबली होती तिथून पुढं सुरू. तुम्ही बरे झालात की दवाखान्यातूनच पुढचं पुस्तक टाका, आई घरी ऐकंल. मी दहा मिनिटांत करून देते."

"नको," अजिनाथराव म्हणाले. "तू करून दिलंस तर मला कळणार नाही. बिघडलं तर मी काय करू? मला शिकव."

"बरं. मग डॉकर नावाचं एक साधन आहे, ते शिका. ऐका, प्रोग्रॅमला जे जे लागतं ते सगळं एका डब्यात भरलेलं असतं. त्याला कंटेनर म्हणायचं. तो कुठल्याही मशीनवर ठेवा, तसाच्या तसा चालतो. आणि डबा भरलेला कसा असावा त्याचा साचा असतो, त्याला इमेज म्हणतात. साच्यातून पाहिजे तितके डबे काढा."

तिने पाठवलेली माहिती त्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली. अकरा पानं झाली. शब्दकोश घेतला, दोनशे पानी वही घेतली आणि सत्तराव्या वर्षी अजिनाथराव अभ्यासाला बसले. एकेक आज्ञा वहीत उतरवायची, तिच्याखाली तिचा अर्थ मराठीत लिहायचा, मग लॅपटॉपवर टाइप करायची. मशीन सुरू झालं. कंटेनरही चालू झाल्याचं दिसलं. पण फोनवर पानच उघडेना. दोन दिवस त्यांनी सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी कळलं, की मशीनला बाहेरून येणाऱ्यांसाठी जो दरवाजा उघडून द्यावा लागतो, तोच त्यांनी उघडला नव्हता. तो उघडला आणि फोनवर निळं पान आलं. अजिनाथराव मोरीत गेले, तोंड धुतलं, आणि मग योगिनीला फोन केला.

एक गोष्ट मात्र त्यांनी तिला सांगितली नाही. कंटेनर सुरू करायची आज्ञा सहा ओळींची होती. त्यातली पाचवी ओळ कंटेनरच्या आतला एक फोल्डर बाहेर मशीनवरच्या फोल्डरशी जोडायची होती, आणि तिच्यापुढे 'आवश्यकतेनुसार' असं लिहिलेलं होतं. ती ओळ त्यांनी चारदा वाचली. आत जागा असताना आतलं बाहेर कशाला जोडायचं? काही उमजेना. योगिनीला त्या आठवड्यात त्यांनी नऊ प्रश्न विचारले होते. दहावा विचारायचा त्यांना संकोच वाटला. आणि न समजलेली ओळ उतरवायची नाही, हा तर जन्माचा नियम. त्यांनी ती गाळली. तिच्याशिवायही कंटेनर चालू झाला, म्हणजे आवश्यकता नव्हती, असं त्यांनी धरलं.

चार वाजताचं वाचन त्यांनी तेवढ्यापुरतं थांबवलं, पुढचं सगळं दवाखान्याच्या दिवसांसाठी राखलं. मग रोज सकाळी दहा वाजता गच्चीच्या जिन्यात वरच्या पायरीवर बसून, खालचं दार लावून घेऊन, ते एक प्रकरण वाचत. वाचलेलं त्या पानावरून मुंबईतल्या मशीनवर चढवत. चढलं की सुरुवात ऐकत आणि मध्ये कुठेतरी एका ठिकाणी ऐकत, जसा ग्रंथालयाचा शिक्का पहिल्या पानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर मारतात तसं. दोन्ही ठिकाणी ठीक असलं की वहीत खूण करत आणि फोनवरचं मूळ पुसून टाकत. फोन जागा संपल्याची कुरकुर करायचा, हे एक कारण. खरं कारण वेगळं होतं. एकच पुस्तक दोन कपाटांत असलं की नेमकं कुठलं खरं, याचा घोळ होतो. तो घोळ निस्तरण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती.

पंधरा ते चाळीस, सव्वीस प्रकरणं झाली. वच्छलाबाईंच्या फोनवर बटण आलं. "हे दाबायचं. पण आता सवयीपुरतं पंधरावंच ऐक. बाकीची मी तिकडं असताना," असं त्यांनी बजावून सांगितलं. "व्हय," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यानंतर दोनदा ते तपासण्यांसाठी दिवसदिवस दवाखान्यात जाऊन आले.

सोमवारी भरती, मंगळवारी ऑपरेशन. शनिवारी सकाळी पान उघडलं तर वर सूचना होती, प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आहे. पदभार सोपवून जाण्याआधी टेबल आवरावं, तशी अजिनाथरावांना इच्छा झाली. छापील नवव्या पानावर कृती होती. नवी इमेज आणा, जुना कंटेनर थांबवा, काढून टाका, नव्या इमेजमधून नवा सुरू करा. त्यांनी एकेक आज्ञा टाइप केली. आजवर पहिल्यांदाच सगळं एकही चूक न दाखवता पार पडलं. त्यांना स्वतःचं थोडं कौतुक वाटलं. मग त्यांनी पान उघडलं.

'इथे अजून काहीही नाही,' असं लिहून आलं होतं.

त्यांनी पान पुन्हा उघडलं. फोन बंद करून चालू केला. मग योगिनीला फोन लावला.

"आप्पा," ती सगळं ऐकून म्हणाली, "जुना कंटेनर नुसता थांबवला होता का काढून टाकला?"

"काढून टाकला. तसंच लिहिलंय नवव्या पानावर."

"आणि ती फोल्डर जोडायची ओळ?"

"ती मी घातली नव्हती गं. मला ती समजली नव्हती."

"फोनवर असतील ना मूळ?"

"पुसली."

"सगळी?"

"सगळी."

योगिनी हळू आवाजात बोलायला लागली. लहानपणी तिचा पेपर अवघड गेला की ते तिच्याशी बोलत, तशी. "आप्पा, साचा म्हणजे पुस्तकाची छापलेली आवृत्ती समजा. कंटेनर म्हणजे तुमच्या हातातली एक प्रत. तुम्ही त्या प्रतीत जे…"

"समासात पेन्सिलीनं लिहिलं," अजिनाथराव म्हणाले. "आणि प्रत रद्दीत घातली. नवी प्रत आणली, तर तिच्यात माझं लिहिलेलं कसं असंल?"

"हो, आप्पा."

"म्हणून ते लिखाण वेगळ्या वहीत ठेवायचं. बाहेर. ती पाचवी ओळ त्यासाठी होती."

"हो."

"आता समजली," अजिनाथराव म्हणाले.

"चूक माझी आहे. मी एकदा बघायला पाहिजे होतं."

"नाही, नाही. तू लिहून दिलं होतंस." मग ते म्हणाले, "आईला सांगू नको."

फोन ठेवून ते खुर्चीत बसून राहिले. आत वच्छलाबाई चाचपून लसूण सोलत होत्या. मागचा महिनाभर त्यांना एकच धीर होता, की ऑपरेशनच्या टेबलावर आपलं काही झालं तरी मंगळवारी चार वाजता या घरात आपला आवाज असेल. बुधवारी असेल. पंचवीस दिवस असेल. बाकी त्यांच्याजवळ हिला देण्यासारखं होतं काय? आणि तेवढंही आपण आपल्या हाताने, आज्ञा अचूक टाइप करून, पुसलं.

त्यांनी कादंबरी घेतली आणि जिना चढले. दोन दिवसांत होतील तितकी. सोळावं प्रकरण वाचून झालं, सतरावं झालं. अठराव्याच्या मध्यावर धाप लागली. पाणी प्यायले, पुन्हा वाचायला लागले. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं होतं, जोरात बोलू नका म्हणूनही. एक वाक्य एका श्वासात होईना. द्वारका शहागडच्या घाटाला लागली होती आणि तिला उतरावं की नाही ते ठरवता येत नव्हतं. ते वाक्य त्यांनी तीनदा वाचलं, तिन्ही वेळा मध्येच श्वास तुटला.

खालचं दार उघडल्याचा आवाज आला. भिंतीला हात लावत, एकेक पायरी पायाने आधी शोधत वच्छलाबाई वर येत होत्या.

"अगं, पडशील! तिथंच थांब!"

"नाय पडत. बारा पायऱ्या हायेत, ठाव हाय मला." त्या त्यांच्या दोन पायऱ्या खाली येऊन बसल्या. "हे काय चाललंय?"

"वाचतोय."

"ते ऐकू येतंय. पण शहागडचा घाट झाला की मागंच. तिथं ती उतरत नाय. ती म्हातारी तिला भाकर देती आन् ती तशीच पुढं जाती. तेच परत कशापायी वाचायलात?"

अजिनाथराव तिच्याकडे बघत राहिले. "तुला काय ठाऊक? मी तर पंधरावंच ऐक म्हणालो होतो."

वच्छलाबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला. चोरी सापडल्यावर त्या नेहमी पदर नीट करत.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्या तपासण्यांना गेला व्हता ना दोन टाइम. दिवसभर घरात एकटी. म्हणलं एक ऐकावं. मग दुसरं. ती जिती राहती का मरती, हे मनात ठिवून माणसानं सैपाक कसा करायचा?"

"सगळी ऐकलीस?"

"चाळीसपत्तोर." मग एकदम काकुळतीने, "रागावू नका. तुम्ही लई मन लावून दवाखान्याच्या दिवसांसाठी ठिवली व्हती, आन् मी अधाशावानी आधीच संपवून बसले. आता दवाखान्याच्या दिवसांत काय ऐकायचं म्हणून चार दिस झाले मलाच घोर लागलाय. तुम्हाला सांगावं कसं ते कळंना."

अजिनाथरावांना हसू आलं, आणि हसताना खोकला आला. खोकला थांबल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. कंटेनर, पाचवी ओळ, समासातली पेन्सिल, सगळं. वच्छलाबाईंनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे गेली ती?"

"गेली. चूक माझी. न समजलेलं विचारायला पाहिजे होतं. मला कधी विचारताच आलं नाही कुणाला."

"एकोणतिसावं बी गेलं?"

"सगळी म्हणजे सगळी."

"अरं देवा. त्यात नळाला पाणी आलं व्हतं," त्या म्हणाल्या. "खालून ओरडले ना, पाणी आलं म्हणून. आठ दिसांनी आलं व्हतं. तुम्ही फोन तसाच टाकून पळालात. मग नुसती मोटर ऐकू येती, आन् तुम्ही शेजारच्या माऊलीला म्हणता, पाइप मह्या टाकीत घाल आधी. मी लई हसले. आन् बाविसाव्यात तुम्ही नावाड्याच्या आवाजात रागवायला गेलात, आन् तुमचाच आवाज फाटला. मग म्हणलात, चुकलं, चुकलं, पुन्हा. ते मी दोनदा ऐकलं."

"ती ठिकाणं मी पुसून स्वच्छ करायची राहूनच गेली होती."

"बरं झालं राह्यली." त्या हाताने पायरीची कड चाचपत राहिल्या. "तेहेतिसाव्यात बी तुम्ही बंद करायचं इसरलात."

"काय होतं त्यात?"

"वाचून झालं. मग लई वेळ काय नाय. चिमण्या, आन् तुमचा श्वास. मग तुम्ही आपले आपल्याशी बोललात."

अजिनाथरावांना आठवेना. आठवेना म्हणून जास्तच भीती वाटली.

"काय बोललो?"

"म्हणलात, जन्मभर लोकांची पुस्तकं जपली. हिला काय जपता आलं नाय मला."

वर गच्चीच्या दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ वच्छलाबाईंच्या खांद्यावर पडली होती.

"चार दिस झाले," वच्छलाबाई म्हणाल्या, "ते मह्या कानात हाय. तुमच्या तोंडावर बोलाया गेले तर तुम्ही पुस्तकात तोंड घालता. पन्नास वरसं तेच करता. मला याचं उत्तर द्यायचंय. ते तुमच्या त्या डब्यात भरून द्या. तुम्ही तिकडं पडले असताल, नळ्या लावलेल्या, उठून पळता यायचं नाय. तवा ऐका."

"अगं, पण तुझ्यासाठी काही राहिलं नाही त्यात."

"मला गोष्ट कळली की. सरूला नाय कळली. चार वाजता मी तिला सांगत बसन. तुमच्यावानी नाय जमायचं, पण कंदिलाचं मी सुधरून सांगन." त्या उठल्या. "आन् तुम्ही बरं वाटलं की एक शब्द बोला तिकडून. एक म्हणलं तर एक. चला खाली. माझा हात धरा."

कुणी कुणाचा हात धरून उतरत होतं, ते सांगणं अवघड होतं.

रविवारी सकाळी दौलताबादहून सरूबाई आल्या. पिशवीत सीताफळाचा मोसम नसल्याने पेरू होते आणि आल्याआल्या तोंड सुरू होतं.

"दाजी, तुम्ही ढगातून बोलणार म्हणं? योगिनी म्हणत व्हती फोनवर. आधी जमिनीवर नीट बोलत जा की. लगनात तुमचा आवाज ऐकाया मी दोन दिस थांबले व्हते, तवा कळलं की नवरा मुका नाय."

"या, सरूबाई," अजिनाथराव म्हणाले.

"बगा! एवढंच! वच्छे, कसे काढलेस गं दिस?"

वच्छलाबाईंनी तिला स्वयंपाकघरात पिटाळलं आणि अजिनाथरावांनाही खोलीबाहेर काढलं. आपल्या फोनवर आवाज कसा भरायचा ते त्यांनी वच्छलाबाईंना बोट बटणावर ठेवून आधीच शिकवलं होतं. दार लागलं. अजिनाथराव बाहेरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसले आणि सहाच्या सहा ओळी वहीत पुन्हा उतरवल्या. पाचवीखाली मराठीत अर्थ लिहिला. मशीनवर बाहेर एक फोल्डर केला, टाइप केलं, कंटेनर सुरू केला. आतून बारीक आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. कळू नयेत म्हणून त्यांनी पंखा वाढवला.

अर्ध्या तासाने दार उघडलं. वच्छलाबाईंचं नाक लाल झालं होतं.

"हे घ्या. चढवा. पण ऐकायचं नाय. मह्या गळ्याची शपथ."

"नाही ऐकत."

त्यांनी ते चढवलं. पानावर एक ओळ उमटली. योगिनी फोनवर होतीच.

"छान. आता आप्पा, कंटेनर काढून टाका."

"काय?"

"काढून टाका आणि पुन्हा उभा करा. त्याशिवाय कळणार कसं, बाहेर राहिलंय का ते? फोनवरचं मात्र पुसू नका हं आज."

"नाही पुसत," अजिनाथराव म्हणाले. आज दोन कपाटांत असू दे.

काढून टाकायची आज्ञा त्यांनी टाइप केली. तर्जनी बटणावर ठेवली आणि थांबले. काल आपण इतके घाबरलो नव्हतो, त्यांच्या मनात आलं. काल आपल्याला काही कळत नव्हतं. सरूबाई दारात हात पुसत उभ्या होत्या.

"काय झालं?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"मोडून बगायलेत," वच्छलाबाई म्हणाल्या.

"चांगलं चाललेलं मोडायचं? आन् पुन्हा ते उभं राह्यलंच नाय तर?"

"मोडा," वच्छलाबाई म्हणाल्या.

अजिनाथरावांनी बटण दाबलं. कंटेनर गेला. फोनवर पान उघडेनासं झालं. मग त्यांनी सहा ओळींची आज्ञा पुन्हा दिली, आणि आकडे सरकायचे थांबेपर्यंत पडद्याकडे बघायचं टाळलं. पान उघडलं. यादीत एक ओळ होती.

"आहे," ते म्हणाले. "नाव तर दिसतंय."

"नाव दिसून काय उपयोग, आप्पा," योगिनी म्हणाली. "आवाज येतोय का बघा."

"मला ऐकायचं नाही. शपथ आहे."

"मग आईला द्या."

त्यांनी वच्छलाबाईंच्या हातात त्यांचा फोन दिला. त्यांनी अंगठ्याने बटण चाचपलं, दाबलं आणि फोन कानाशी घट्ट धरला. अजिनाथराव समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आधी चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग भुवई किंचित वर गेली. मग ओठ हलायला लागले. आपलेच शब्द त्या आवाज न करता पुन्हा म्हणत होत्या, आणि थोडं लक्ष दिलं असतं तर अजिनाथरावांना ते ओठांवरून वाचता आले असते. वाचायची तर त्यांना जन्मभराची सवय. त्यांनी मान वळवली आणि भिंतीकडे बघत विचारलं,

"येतोय का?"

वच्छलाबाईंनी मोकळा हात वर केला, मध्ये बोलू नका म्हणून. मग तोच हात पुढे करून त्यांचा गुडघा शोधला, त्यावर ठेवला, आणि फोन कानावरून न काढता म्हणाल्या,

"येतोय. लई लांबलंय. मंगळवारी शुद्धीवर आलात की आधी हे ऐकायचं, मग डॉक्टरशी बोलायचं."